घरात मार खाऊन आलेली बाई: हॉस्पिटलच्या सोशल वर्करने काय करायचं

सगळ्यात आधी तिला एकटीला गाठा. नवरा खुर्ची सोडत नाही, 'जिन्यावरून पडली' हे उत्तरही तोच देतो, तर त्याच्यासमोर एक शब्द काढू नका, सिस्टरांना सांगून ड्रेसिंगला किंवा एक्स-रेला तिला आत घ्या आणि तिथे बोला. भाषेची अडचण असेल तर दुभाषी बाहेरचा बघा, घरचं माणूस नको, लेकरं तर नकोतच.

मग मऊ आवाजात पण सरळ विचारा, 'अशा जखमा बऱ्याचदा कुणी मारल्यामुळे होतात, तुमच्याबाबतीत तसं काही झालंय का?' नाही म्हणाली तर खोदू नका, कधीही या एवढं सांगा. हो म्हणाली तर 'मग इतकी वर्षं राहिलात कशाला' हे चुकूनसुद्धा नको. मी नवीन असताना एकीला हे विचारून बसले, तिने तोंड भिंतीकडे केलं ते पुन्हा बोललीच नाही.

गळा दाबला होता का हे मुद्दाम वेगळं विचारा, बायका आपणहून सांगत नाहीत आणि मानेवर वळ नसला तरी आत इजा असू शकते. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत, असं काही असलं तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. गळा दाबणारा माणूस पुढे जीव घेण्याची भीती खूप वाढलेली असते. जबरदस्ती झाली असेल तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून तेही विचारायला लाजू नका.

नोंद तिच्याच शब्दांत करा, 'पतीने पोटात लाथ मारली असं सांगते', जखमेची जागा आणि माप आकृतीवर दाखवा.

नवऱ्याला बोलावून समजूत घालायच्या फंदात अजिबात पडू नका, त्याचा राग घरी गेल्यावर तिच्यावरच निघतो. घर सोडायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या, कारण सोडून जातानाच धोका सगळ्यात जास्त असतो. त्यापेक्षा रात्री पळायची वेळ आली तर कुणाकडे जाणार, कागदपत्रं आणि थोडे पैसे कुठे ठेवणार, मुलांना कोणता शब्द ऐकून शेजारी पळायचं हे शिकवलंय का, हे बसून ठरवा.

डिस्चार्जच्या कागदावर मारहाणीचा उल्लेख नको, तो कागद घरी आधी तोच वाचणार. हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या, आणि पुढची भेट ड्रेसिंगच्याच तारखेला ठेवा म्हणजे घरातून निघायला तिला कारण राहतं.