मोटरच्या केबलला उघड्यावर जॉइंट मारताना या चुका टाळा

उन्हाळाभर नीट चाललेली मोटर पहिल्या पावसातच स्टार्टर पाडू लागली, तर ती विहिरीतून वर काढण्याआधी केबलचा जॉइंट उघडून बघा. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि मगच हात लावा.

बांधावर सोल्डर नीट बसत नाही. वाऱ्याने जोड गार पडतो आणि सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होऊन हिसक्याने तुटते. त्यापेक्षा तांब्याची इनलाइन स्लीव्ह, म्हणजे दोन्ही बाजूंनी वायरची टोके आत घालायची नळी, दाबलेली बरी. मात्र मापात तडजोड नको. २.५ चौरस मिमी वायरला २.५ चीच स्लीव्ह हवी. लहान स्लीव्हमध्ये बसावी म्हणून चार तारा छाटल्या, की उरलेल्या तारांवर सगळा भार येतो.

सगळ्यात महागात पडते ते पकडीने दाबणे. स्लीव्ह वरून चपटी दिसते, पण आत तारांमध्ये फट राहते. तिथे जोड तापतो, इन्सुलेशन कडक आणि काळे पडते, शेवटी एक फेज जातो. मग मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळते. क्रिम्पिंग टूलने, म्हणजे स्लीव्ह दाबायच्या खास अवजाराने, दोन्ही बाजूंना दोन-दोन दाब द्या, मग जोर लावून ओढा. वायर सरकली तर पुन्हा दाबू नका, कापून नवी स्लीव्ह घाला.

जुन्या केबलमध्ये तांबे काळे किंवा हिरवट दिसले, तर पाणी तारांमधून आत शिरले आहे. लखलखीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जा. ॲल्युमिनियमला तांबे जोडायचे असेल तर बायमेटल स्लीव्हच (एक बाजू ॲल्युमिनियमची, दुसरी तांब्याची) घ्या.

स्लीव्ह करंट नेते, पाणी अडवत नाही. नुसती पीव्हीसी टेप उन्हात सुटते. आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) वापरा, आणि ती क्रिम्प करण्याआधी वायरवर ओवा. ही गोष्ट हमखास विसरते. तिन्ही जोड एकमेकांपासून ५-६ सेंमी पुढे-मागे ठेवा. प्रत्येक कोअरवर (केबलमधल्या एकेका वायरवर) वेगळी नळी, दोन्ही बाजूंना अडीच सेंमी इन्सुलेशनवर चढलेली. वरून सगळ्यांवर एक मोठी. केबलचे वरचे आवरण आधी पॉलिश पेपरने घासून कोरडे करा. मधून टोकांकडे तापवा, दोन्ही तोंडांतून गोंद डोकावेपर्यंत.

शेवटी केबल स्टार्टरपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) प्रत्येक कोअर आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा. रीडिंग १ मेगाओमच्या खाली आले, तर स्टार्टरचे बटण दाबू नका. जॉइंट पुन्हा तोडा आणि केबलची बाजू व मोटरची बाजू वेगवेगळी मोजा.