लोगो आधी शिक्क्याएवढा करून बघा

घरगुती मसाले, पोळी-भाजी केंद्र, शिवणकाम... असल्या छोट्या धंद्याचा लोगो करायला घेतलात, तर रंग सगळ्यात शेवटी. आधी नुसत्या काळ्यात काढा आणि 15 मिलिमीटर रुंदीला छापून बघा. बिलावरचा शिक्का, पुडीवरचं लेबल आणि व्हॉट्सॲपचा डीपी, लोकांना तो तिथेच दिसणार. डीपी गोल कापला जातो, म्हणून लांबलचक नावासोबत एखादं सुटं अक्षर किंवा चिन्हही तयार ठेवा.

देवनागरीत खरी गोची इथेच होते. शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. ‘श्रीकृष्ण’ जाड अक्षरात लिहून शिक्का मारा, ‘ष्ण’चा नुसता डाग उमटेल. तेव्हा रेघ जरा पातळ आणि अक्षरांच्या पोटात मोकळी जागा असलेला फाँट घ्या. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फाँट मोफत आहे, व्यवसायासाठीही चालतो. नुसता टाइप करून सोडू नका, एखादी वेलांटी हाताने वळवा. तेवढ्यानेही नावाला स्वतःचा चेहरा येतो.

फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करायला, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या आकृत्या करून टाकायला, विसरू नका. फ्लेक्सवाल्याकडे तुमचा फाँट नसतो, मग मात्रा भलतीकडेच जाऊन बसतात. एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या, पारदर्शक पीएनजी द्या, आणि गडद पाटीसाठी पांढरी आवृत्तीही. (तरी फ्लेक्सवाला जेपीजीच मागेल, तीही द्या.) दुरुस्त्या किती फेऱ्यांत, हे मात्र गिऱ्हाइकाकडून ॲडव्हान्स घेतानाच लिहून घ्या.