कायनेज इनहिबिटर प्रकल्प: हिटपासून कँडिडेटपर्यंत केमिस्टनं काम कसं करावं

कर्करोगावरच्या कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट गट लावणारं एन्झाइम) प्रकल्पात नव्यानं आलेल्या मेडिसिनल केमिस्टसाठी ही टिपणं आहेत. संश्लेषण येतं, एनएमआर वाचता येतो, हे धरून चाललो आहोत. आमचा पहिला आग्रह असा, की चाचणीतून आलेला आकडा कोणत्या परिस्थितीत निघाला हे कळल्याशिवाय एकही नवा रेणू बनवायला घेऊ नका. या क्षेत्रात वर्षं वाया जातात ती बहुतेक वेळा चुकीच्या आकड्याच्या मागे लागल्यामुळे.

आयसी५० वाचायचा कसा

आयसी५० म्हणजे एन्झाइमची क्रिया निम्म्यावर आणणारं रेणूचं प्रमाण. बहुतेक इनहिबिटर कायनेजमध्ये एटीपीच्या, म्हणजे फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूच्या, जागी बसतात, म्हणजे त्यांची एटीपीशी थेट स्पर्धा असते. पेशीत एटीपी साधारण १ ते ५ मिलिमोलर असतं. एन्झाइमच्या चाचणीत मात्र ते बहुधा त्या कायनेजच्या केएमइतकंच (ज्या प्रमाणाला एन्झाइम निम्म्या वेगानं चालतं तेवढंच) ठेवतात, आणि केएम अनेकदा मायक्रोमोलरमध्ये असतो. समजा केएम १० मायक्रोमोलर आहे, चाचणीत एटीपीही तेवढंच आहे आणि आयसी५० आला १० नॅनोमोलर. चेंग-प्रुसॉफ समीकरणानं केआय (इनहिबिटरची एन्झाइमवरची खरी पकड) म्हणजे आयसी५० भागिले (१ + एटीपी/केएम), म्हणजे ५ नॅनोमोलर. आता पेशीतलं एटीपी २ मिलिमोलर धरा. कंसातली संख्या २०१ होते आणि अपेक्षित आयसी५० जातो सुमारे १,००० नॅनोमोलरवर. तोच ५ नॅनोमोलर केआय, पण केएम २०० मायक्रोमोलर असलेलं कायनेज असेल, तर पेशीत ५५ नॅनोमोलर पुरतात. म्हणून प्रत्येक कायनेजचा केएम विचारून घ्या आणि निवडक रेणू १ मिलिमोलर एटीपीवरही तपासून मागा.

दुसरी अडचण तळाची. चाचणीत एन्झाइम ५ नॅनोमोलर असेल, तर आयसी५० त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २.५ नॅनोमोलरच्या खाली जाऊच शकत नाही. मालिकेतले दहा रेणू २.५ ते ४ नॅनोमोलरवर येऊन थांबले, की केमिस्टला वाटतं बदलांचा काही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात चाचणीला त्यांच्यातला फरक दिसत नसतो. अशा वेळी एन्झाइम कमी करा किंवा एटीपी वाढवा. मगच पुढचे रेणू आखा.

कोव्हॅलंट (एन्झाइमशी रासायनिक बंध करणारा) इनहिबिटर असेल तर एकटा आयसी५० काही सांगत नाही, कारण तो प्रीइन्क्युबेशनच्या, म्हणजे एन्झाइम आणि रेणू आधी एकत्र ठेवण्याच्या, वेळेबरोबर घसरत जातो. तिथे के-इनॅक्ट (एन्झाइम निकामी होण्याचा कमाल वेग) भागिले केआय हे गुणोत्तर मोजून घ्या.

रचना आणि पहिले वीस रेणू

मानवी जीनोममध्ये पाचशेहून अधिक कायनेज आहेत आणि त्यांची एटीपीची पॉकेट एकमेकांसारखी दिसते. हिंजवर, म्हणजे कायनेजचे दोन भाग जोडणाऱ्या पट्टीवर, तुमचा रेणू एक ते तीन हायड्रोजन बंध करतो. ही पकड बहुतेक कायनेजमध्ये सारखीच असल्यामुळे पोटन्सी मिळते, निवडकपणा फारसा मिळत नाही. तो शोधायचा गेटकीपरच्या (पॉकेटच्या मागच्या जागेचं दार अडवणाऱ्या अमिनो आम्लाच्या) मागच्या भागात, एटीपीवर झाकणासारख्या येणाऱ्या पी-लूपखाली, आणि डीएफजी-आउट या निष्क्रिय अवस्थेत उघडणाऱ्या जागेत.

हिंजची पकड खरी आहे का, हे पाहायला एक स्वस्त रेणू आधी बनवा: हिंजला बंध देणाऱ्या एनएचवर मिथाइल लावलेला. क्रिया पूर्ण गेली तर तुमचं मॉडेल बहुधा बरोबर आहे. क्रिया टिकली तर रेणू तुम्हाला वाटतो तसा बसत नाही. डॉकिंगची (संगणकानं रेणू बसवून काढलेली) चित्रं बाजूला ठेवून क्रिस्टल स्ट्रक्चरची वाट पाहा. हा निगेटिव्ह कंट्रोल पुढे पेशींच्या प्रयोगांतही कामाला येतो.

छोटा बदल किती काम करतो याचं उत्तम उदाहरण इमॅटिनिब आहे, जे २००१ मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. मधल्या फिनाइल रिंगवर, अॅनिलिनो नायट्रोजनच्या ऑर्थो जागी एक मिथाइल आला आणि प्रोटीन कायनेज सीवरची क्रिया गेली. विद्राव्यतेसाठी एन-मिथाइलपिपरेझिन जोडलं, पण ते रिंगला थेट न जोडता मध्ये एक मिथिलीन ठेवला, कारण थेट जोडणीतून अॅनिलिनसारखा तुकडा तयार होऊन म्युटाजेनिक ठरण्याची शक्यता होती. एकाच रेणूत तीन स्वतंत्र प्रश्नांची तीन उत्तरं आहेत. तुमच्या नोंदवहीतही प्रत्येक रेणूपुढे त्याचा प्रश्न एका ओळीत लिहिलेला असावा.

बेंचवर: डायक्लोरोपिरिमिडीन

२,४-डायअमिनोपिरिमिडीन हा या क्षेत्रातला नेहमीचा सांगाडा. सुरुवात २,४-डायक्लोरोपिरिमिडीनपासून करा. पहिला अमाइन १.०५ इक्विव्हॅलंट, डीआयपीईए हा बेस २ इक्विव्हॅलंट, आयसोप्रोपॅनॉल, ० अंशावर हळूहळू घालून खोलीच्या तापमानाला आणा. अमाइन मुख्यतः सी४ वर जातो. अॅनिलिन असेल तर ६० ते ८० अंश लागू शकतात. पाचव्या जागी ट्रायफ्लुओरोमिथाइल असेल तर हा भरवसा सोडा. तिथे दोन्ही आयसोमरांचं मिश्रण येतं, आणि अॅनिलिन सी२ वर हवं असेल तर झिंक क्लोराइड वापरतात.

दुसरा टप्पा: सी२ वर अॅनिलिन, १.१ इक्विव्हॅलंट, एन-ब्युटॅनॉल, थोडं हायड्रोजन क्लोराइड, १०० ते १२० अंश, रात्रभर. एलसीएमएसमध्ये दोन शिखरांवर नजर ठेवा. क्लोरो इंटरमीजिएटपेक्षा ३८ ने जड आणि क्लोरीनचा आयसोटोप पॅटर्न गेलेला, तर ब्युटॅनॉलच जोडलं गेलंय. १८ ने हलका असेल तर पाण्यानं क्लोरीन काढून पिरिमिडिनोन केलंय. अॅनिलिनवर सायनो किंवा नायट्रो असल्यावर ही दोन्ही उत्पादनं जोर धरतात, कारण अॅनिलिन मंद पडतं. मग आम्लाचा हट्ट सोडून बुखवाल्ड (पॅलेडियमनं सी-एन बंध जोडणारी अभिक्रिया) करा: पॅलेडियम स्रोत, एक्सफॉस लिगँड, सीझियम कार्बोनेट, डायऑक्सेन, १०० अंश. रेणूत बॉक (अमाइन झाकून ठेवणारा) गट असेल तर पहिल्यापासूनच बुखवाल्ड. गरम आम्लात बॉक टिकत नाही.

आयसोमर कोणता, हे एनओईएसवाय (जवळजवळचे हायड्रोजन दाखवणारा एनएमआर) घेऊन ठरवा. सी४ वरच्या एनएचचा एच५ शी संबंध दिसतो. सी२ च्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन असल्यामुळे तिथल्या एनएचला पिरिमिडीनचा शेजारी हायड्रोजनच नसतो. मालिकेतल्या पहिल्या रेणूवर हे केलंच पाहिजे. इथे चूक झाली तर तिच्यावर पन्नास रेणू उभे राहतात.

चाचणीला पाठवताना दोन गोष्टी पाहा. शेवटची पायरी पॅलेडियमची असेल तर थायॉल सिलिकातून गाळा. उरलेला धातू चाचणीत खोटी क्रिया दाखवू शकतो. आणि प्रेप एचपीएलसीत टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल) वापरलं असेल तर हातात मीठ आहे हे विसरू नका. ४५० वजनाच्या रेणूला एक टीएफए लागला की ५६४ होतात. ४५० धरून द्रावण केलं तर ते वीस टक्के पातळ असतं. एससीएक्स (बेस धरून ठेवणाऱ्या) कार्ट्रिजवरून मिथेनॉलमधल्या अमोनियानं फ्री बेस काढून घ्या.

पेशी आणि निवडकपणा

वाढ थांबली एवढ्यावर खूश होऊ नका. लक्ष्याच्या लगेच खालच्या प्रथिनाचं फॉस्फोरिलेशन कमी झालं का, हे आधी विचारा. बीए/एफ३ पेशींचा उपयोग इथे होतो: कायनेज घातलेल्या पेशी आयएल-३ या वाढीचा संकेत देणाऱ्या प्रथिनाशिवाय वाढतात, मूळ पेशींना आयएल-३ लागतं. तुमचा रेणू आयएल-३ वर वाढणाऱ्या मूळ पेशींनाही त्याच कॉन्सन्ट्रेशनला मारत असेल, तर तो इतर कशावर तरी काम करतोय. डीएमएसओ सगळीकडे सारखं आणि ०.५ टक्क्याच्या आत ठेवा.

कायनोम पॅनेल (अनेक कायनेजवरची एकत्र चाचणी) १ मायक्रोमोलरवर चालवा, ९० टक्क्यांहून जास्त अडवलेल्या कायनेजची पूर्ण वक्ररेषा काढा. पॅनेलही बहुधा केएमच्या आसपास चालतं, त्यामुळे जास्त केएम असलेलं ऑफ-टार्गेट पेशीत अपेक्षेपेक्षा जास्त त्रास देतं. वरचं गणित तिथेही करून बघा.

गुणधर्म, जिथे चांगल्या मालिका मरतात

कायनेज इनहिबिटर सपाट असतात, त्यामुळे स्फटिकात घट्ट रचले जातात. वितळणबिंदू १०० अंशांनी वाढला की विद्राव्यता ढोबळमानानं दहापट घटते. अशा वेळी पोलर गट लावण्याआधी सपाटपणा मोडून पाहा: ऑर्थो मिथाइल, एखादं एसपी३ केंद्र, किंवा हिंजपासून दूरचा एनएच काढून टाकणं. लिपोफिलिक एफिशियन्सी, म्हणजे पीआयसी५० (आयसी५० चा ऋण लॉग) वजा लॉगडी (रेणूच्या तेलकटपणाचं माप), दर आठवड्याला मांडा. पीआयसी५० ८ आणि लॉगडी ३ असेल तर ५ मिळतात. तिथून वर जायचंय. नुसती चरबी वाढवून पोटन्सी मिळाली तर ती एचईआरजी (हृदयाचं आयन चॅनेल) आणि क्लिअरन्समध्ये (शरीरातून रेणू निघून जाण्याच्या वेगात) वसूल होते.

अल्डिहाइड ऑक्सिडेज या रेणूंचं ऑक्सिडेशन करणाऱ्या एन्झाइमकडे विशेष लक्ष द्या. क्विनोलीन, क्विनाझोलीनसारख्या रिंगमध्ये नायट्रोजनशेजारचा मोकळा सीएच त्याला आवडतो. हे एन्झाइम सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) असतं, म्हणून मायक्रोसोमच्या (पेशीतल्या पटलांच्या तुकड्यांच्या) चाचणीत रेणू स्थिर दिसतो. कुत्र्यात ते जवळपास नसतं, माणसात भरपूर असतं. मेट कायनेजवरचा एसजीएक्स-५२३ हा रेणू मानवी चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यातच थांबला, कारण रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. माणसात तयार होणारा, जेमतेम विरघळणारा क्विनोलिनोन मेटाबोलाइट त्यामागे असल्याचं नंतरच्या अभ्यासातून पुढे आलं. कुत्र्याच्या यकृताच्या एस९ मध्ये (सायटोसोल आणि मायक्रोसोम दोन्ही असलेल्या अर्कात) तो दिसलाच नव्हता. म्हणून मानवी हेपॅटोसाइट (यकृतपेशी) किंवा एस९ चाचणी लवकर करा आणि संशयास्पद सीएचवर मिथाइल किंवा फ्लुओरीन लावलेला एक रेणू तयार ठेवा.

प्रतिकार आधीच धरून चला

एबीएल कायनेजमध्ये टी३१५आय (३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन), ईजीएफआर कायनेजमध्ये टी७९०एम (७९० व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन): दोन्ही औषधाला दाद न देणारी गेटकीपर म्युटेशन, पण यंत्रणा सारखी नाही. टी३१५आय हिंजजवळचा हायड्रोजन बंध काढून घेतं आणि जागा अडवतं. पोनॅटिनिबनं सडपातळ अल्काइन वापरून तिथून वाट काढली. टी७९०एम मुख्यतः एटीपीची पकड वाढवतं, म्हणजे स्पर्धेचं गणितच बदलतं. ऑसिमर्टिनिबनं सिस्टीन ७९७ ला कोव्हॅलंट बंध करून त्यावर मात केली, आणि मग त्याच सिस्टीनच्या जागी सेरीन आणणारं सी७९७एस आलं. अॅसिमिनिबनं एटीपीची जागा सोडून एबीएलमधली दूरची मिरिस्टॉइल पॉकेट धरली. लीड ठरण्याआधीच ज्ञात म्युटंट्सची यादी करून प्रत्येक महत्त्वाचा रेणू त्यांच्यावर तपासा.

उंदरांत जाताना १०, ३० आणि १०० मिलिग्रॅम प्रति किलो असे तीन डोस घ्या. १, ४, ८ आणि २४ तासांनी प्लाझ्मा आणि गाठ दोन्ही गोळा करा. प्लाझ्मातलं एकूण प्रमाण प्रथिन-बंधनानं दुरुस्त करून मुक्त प्रमाण पेशीतल्या आयसी९० शी (क्रिया ९० टक्के थांबवणाऱ्या प्रमाणाशी) ताडा. वेमुराफेनिब (बीआरएएफ कायनेजवरचं औषध) घेणाऱ्या रुग्णांत गाठ लहान व्हायला त्याच साखळीतल्या पुढच्या ईआरके प्रथिनाचं फॉस्फोरिलेशन ८० टक्क्यांहून जास्त दाबावं लागलं. अर्धवट दाबून फायदा दिसला नाही, तर लक्ष्य चुकीचं असा निष्कर्ष लगेच काढू नका. आणि फॉस्फोरिलेशन न दबता गाठ लहान झाली, उंदरांचं वजन पंधरा टक्क्यांच्या वर उतरलं, तर तो परिणाम विषारीपणाचा धरा आणि त्या रेणूवर पुढचा डोस खर्च करण्याआधी पॅनेलचा तक्ता पुन्हा उघडा.