जेंबेला हात लावण्याआधी दादरा म्हणा

वर्गात जेंबे, म्हणजे हातांनी वाजवायचा आफ्रिकन ढोल, आणला की पोट्टे त्यावर तुटून पडतात आणि तास धिंगाण्यात जातो. म्हणून इथे नागपुरात माझ्या वर्गात ढोल सगळ्यात शेवटी.

सुरुवात घंटेच्या ठेक्यापासून. घाना-टोगोतल्या एवे लोकांच्या वादनात गान्कोगुई ही लोखंडी जोडघंटा सगळ्यांना धरून ठेवते. तिचा प्रसिद्ध ठेका १२ मात्रांचा, ठोके ७: १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. हे आकडे तुमच्यासाठी. मुलांसमोर फळ्यावर लिहू नका, ती मोजत बसतात.

मुलांना गोल उभं करून दादरा हा सहा मात्रांचा ताल दोनदा म्हणायला लावा: धा धी ना, धा तू ना. प्रत्येक ‘धा’ला पाऊल. झाली १, ४, ७, १०. तोंड थांबलं तरी पाय चालत राहिले, की टाळ्या जोडा, अगदी सावकाश. १ वर टाळी-पाऊल एकत्र, ३ वर टाळी, ४ वर नुसतं पाऊल, ५-६ ला लागोपाठ टाळ्या. अडतं ते इथेच, ४ वर हातही धावतो. तेवढा तुकडाच घोटून घ्या. पुढे ७ पाऊल, ८ टाळी, १० वर दोन्ही, १२ ला टाळी आणि लगेच पुन्हा १.

हात-पाय फक्त १ आणि १० वर भेटतात. मला याची खरी किंमत वाटते ती इथे: दुसऱ्याचा ठेका कानात ठेवून आपला सोडायचा नाही, हे एकट्याने तबल्याचे कायदे (ठरावीक बोलरचना) घोटून येत नाही.

घंटेऐवजी लोटा आणि पेला चालतो. लोट्याचा खालचा आवाज फक्त १ वर. बाटलीत तुरीची डाळ भरून पावलांच्या मात्रांवर हलवा. एवेंच्या खुळखुळ्याचं काम याहून गुंतागुंतीचं असतं, ही लहानांसाठी माझी सोय.

आता जेंबे. तो माली-गिनीकडच्या मांदे लोकांचा, एवेंचा नव्हे, हे मुलांना सांगाच. पखवाज आणि संबळ एकाच नावाने कुणी हाकारले तर आपल्याला चालेल का? जेंबेवरचे आघात तीन: बास मध्यावर तळव्याने, टोन काठावर बोटं जुळवून, स्लॅप बोटं सैल सोडून. नायजेरियाचे ढोलवादक बाबाटुंडे ओलाटुंजी यासाठी क्रमाने असे बोल वापरत: गुन-दुन, गो-दो, पा-ता. तबल्याची पोरं ते चटकन उचलतात.

मे महिन्यात ढोल उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, बकरीचं कातडं ताणून फाटतं. पावसाळ्यात ते सैल पडलं की दोऱ्या आवळा.