परदेशातल्या डेस्कवर नोकरी कशी मिळवावी: आखाती इंग्रजी दैनिकांची वाट

मुंबई-पुण्याच्या इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानं लावणाऱ्या विभागात, चार-पाच वर्षं काढली, की रात्री साडेबाराच्या चहाला कधीतरी विषय निघतोच. अमका दुबईला गेला, तमकी मस्कतला लागली, पगार दिरहम-रियालमध्ये, वर कर नाही. दुसऱ्या दिवशी आपण दहा ठिकाणी बायोडेटा धाडतो आणि दहाही ठिकाणांहून साधी पोचसुद्धा येत नाही. मीही तेच केलं होतं. पुढे आखातातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर सहा वर्षं काढली, नव्या उमेदवारांच्या चाचण्याही तपासल्या. त्या अनुभवावरून हे लिहितेय.

अर्ज कुठे करायचा

आधी कुठे वेळ घालवायचा नाही ते सांगते. अमेरिकेचा ‘आय’ व्हिसा पत्रकारांचा म्हणून ओळखला जातो, पण तो परदेशी माध्यमांच्या प्रतिनिधींसाठी असतो. त्यावर तिथल्या वृत्तपत्रात नोकरी धरता येत नाही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी लागणाऱ्या किमान पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५पासून ४१,७०० पौंड झाली आहे, आणि तिथल्या छोट्या स्थानिक वृत्तपत्रांत नवख्याला त्याच्या जवळपासही पगार मिळत नाही. पूर्व आशियातल्या जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर हवा’ असं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा पासपोर्ट कुठला, एवढाच. मराठीच्या बळावर बाहेर पडता येईल म्हणावं, तर बीबीसी मराठी २०१७मध्ये सुरू झाली खरी, पण तिचं काम भारतातूनच चालतं.

राहिलं आखात. कुवेत टाइम्स १९६१चा, टाइम्स ऑफ ओमान आणि सौदीचा अरब न्यूज १९७५चे, दुबईचे खलीज टाइम्स आणि गल्फ न्यूज १९७८चे, कतारचा गल्फ टाइम्सही त्याच वर्षीचा. अबुधाबीचा द नॅशनल २००८मध्ये आला. या दैनिकांची डेस्क बाहेरून आलेल्या माणसांवर चालतात आणि त्यांत भारतीय भरपूर. मल्याळी पत्रकारांना आणखी एक दार आहे: ‘माध्यमम’ या मल्याळम दैनिकाची आखाती आवृत्ती १९९९पासून निघते. मराठीत तसं काही उभं राहिलेलं नाही. आपल्याला इंग्रजीवरच भागवायचं.

आणि वार्ताहर म्हणून अर्ज करू नका. पोलीस, कोर्ट, सरकारी खाती यांचं काम अरबीत चालतं. ती येत नसेल तर तुमच्या हाती प्रसिद्धिपत्रकं आणि हॉटेलांतल्या पत्रकार परिषदाच येतात. जागा निघतात त्या सब-एडिटर (उपसंपादक), कॉपी एडिटर, पेज डिझायनर आणि वेबसाइटच्या डेस्कवर.

बायोडेटाबरोबर काय जोडायचं

बाइलाइनची, म्हणजे स्वतःच्या नावाने छापलेल्या बातम्यांची, कात्रणं उपसंपादकाच्या काही कामाची नाहीत. तुम्ही कॉपीचं, म्हणजे हाती आलेल्या मजकुराचं, काय केलंत ते दिसलं पाहिजे. वृत्तसंस्थेची (एजन्सीची) मूळ बातमी आणि तुम्ही छापलेली बातमी, अशा तीन जोड्या ठेवा. एका जोडीत बातमी निम्म्यावर आणलेली असावी. इनडिझाइन या सॉफ्टवेअरवर पान लावता येत असेल तर दोन पानांच्या पीडीएफही जोडा. ‘पान लावतो’ म्हणणारे पुष्कळ असतात, रात्री अकराला बातमी बदलली की हातपाय गाळत नाहीत ते थोडे.

मग आपली भारतीय इंग्रजी धुऊन काढा. आपल्याकडे कॉलेजातून ‘पास्ड आउट’ होतात. बाहेरच्या वाचकाला माणूस चक्कर येऊन पडला असं वाटतं. ‘प्रीपोन’, ‘मिसक्रियंट्स’, ‘अबस्कॉन्डिंग’, मंत्र्यांचं ‘एअर-डॅश’ हे सगळं गाळा. लाख-कोटींचं मिलियन-बिलियन झोपेतसुद्धा करता आलं पाहिजे: दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. अर्थसंकल्पाच्या रात्री इथे एक शून्य घसरलं, तर सकाळी माफीची चौकट तुमच्यामुळे छापली जाते.

चाचणी

निवड होते ती चाचणीवर. मुलाखत बहुधा त्यानंतरची औपचारिकता.

माझी पहिली चाचणी सांगते. बस अपघाताची सातशे शब्दांची बातमी, ती साडेतीनशेवर आणायची, मथळा द्यायचा, फोटोओळ लिहायची. वेळ पंचेचाळीस मिनिटं. मी स्वल्पविराम लावले, स्पेलिंग ब्रिटिश केलं, वाक्यं छान घट्ट केली. पहिल्या परिच्छेदात ‘चार जण जखमी’ होतं आणि सहाव्यात जखमींची नावं होती पाच. मी ती पाचही नावं काळजीपूर्वक जशीच्या तशी ठेवली. नापास.

सापळे साधारण असेच असतात. बेरीज जुळत नाही, ‘मंगळवार’ म्हटलंय पण त्या तारखेला बुधवार येतो, एकाच माणसाच्या नावाची दोन स्पेलिंग असतात, ४० टक्क्यांची वाढ सांगितलेली असते आणि आकडे २५ टक्क्यांचे. म्हणून कात्री लावण्याआधी एकदा हातात पेन्सिल धरून फक्त आकडे, नावं आणि वार वाचा. पाच मिनिटं जातात. मी तपासलेल्या चाचण्यांत सुंदर इंग्रजी लिहिणारे पुष्कळ भेटले, आणि त्यातले बरेचसे अशाच एखाद्या बेरजेवर अडकलेले असत.

कागदपत्रं: खरा वेळ इथे जातो

ऑफर आल्यावर पळापळ करण्यापेक्षा हे आधीच करून ठेवा. संयुक्त अरब अमिरातीसाठी पदवीचं अटेस्टेशन, म्हणजे ती अस्सल असल्याचे अधिकृत शिक्के, लागतं: विद्यापीठाची पडताळणी, राज्य सरकारचा शिक्का, भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शेवटचा शिक्का. ओमान, बहारीन आणि २०२२पासून सौदी हे अपोस्टिलच्या करारात आहेत, म्हणजे एकमेकांच्या सरकारचा एकच शिक्का (अपोस्टिल) मानणाऱ्या देशांत. भारत त्यात २००५मध्ये गेला. त्यामुळे या तीन देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलवर काम भागतं, दूतावासाची फेरी वाचते. अमिराती, कतार आणि कुवेत मात्र त्या करारात नाहीत.

आपल्या लोकांची गाडी हमखास अडते ती नावावर. पदवीवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. गुणपत्रिकेवर शेवटी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. माझं तर पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. तिथल्या एचआरमधल्या माणसाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका होत्या. शेवटी विवाहाच्या दाखल्याचंही अटेस्टेशन करावं लागलं, आणि अशा वैयक्तिक दाखल्याचा राज्यातला मार्ग पदवीहून वेगळा असतो, हे मला पहिली फेरी फुकट गेल्यावर समजलं. जाण्याची तारीख महिनाभर पुढे गेली. तेव्हा पदवी, पासपोर्ट आणि अनुभवाचे दाखले एकदा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. जुन्या संपादकांकडून लेटरहेडवरचा दाखला आत्ताच घ्या. दैनिक बंद पडल्यावर सही करायला कोणी नसतं.

ऑफर लेटर कसं वाचायचं

एकूण आकड्याला भुलू नका, ‘बेसिक’ बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी अमिरातीत बेसिकवर धरतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक पगार. समजा एकूण ९,००० दिरहम आहेत आणि त्यात बेसिक ४,०००. मग वर्षाची ग्रॅच्युइटी २,८०० दिरहम. बेसिक ६,००० असतं तर ४,२०० झाली असती. सही करण्याआधी हा एक आकडा हलवून घेता येतो. नंतर कोणी ऐकत नाही.

प्रोबेशन कायद्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. परवाना कोणाकडून निघणार तेही विचारा. मुख्य भूमीवरच्या कंपनीचं काम मनुष्यबळ मंत्रालयाकडे असतं, दुबई मीडिया सिटीसारख्या फ्री झोनमधल्या (वेगळ्या नियमांच्या खास क्षेत्रातल्या) कंपनीचं त्या झोनच्या प्राधिकरणाकडे. ऑफर त्यांच्याकडे पडताळल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नका.

भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला २०२१च्या तिथल्या कामगार कायद्याने मनाई आहे. व्हिसाचे, तिकिटाचे, ‘फाइल’चे पैसे मागितले की फोन ठेवा. व्हिजिट व्हिसावर जाऊन संपादकांना भेटून येण्यात काही वावगं नाही. त्या व्हिसावर काम करणं मात्र बेकायदा. माझ्या एका मैत्रिणीला एका छोट्या वेबसाइटने ‘ट्रायल’ म्हणून तीन आठवडे राबवून घेतलं आणि पैसे न देता नारळ दिला. ती तक्रार कुठे करणार होती?

पोहोचल्यावर

घरभाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकने द्यायचं असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने खोली वाटून राहण्याची तयारी ठेवा. सोशल मीडियावर हात आवरा. अमिरातीचा ऑनलाइन अफवा आणि सायबर गुन्ह्यांचा २०२१चा कायदा कडक आहे, आणि इथल्यासारखं सरकारवर फेसबुकवरून तोंडसुख घेणं तिथे चालत नाही. हे ज्याला जाचेल त्याने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि दैनिकाचं स्टाइलबुक, म्हणजे शब्द कसे वापरायचे त्याची नियमपुस्तिका, पहिल्याच दिवशी मागून घ्या. मी चौथ्या दिवशी मागितलं. तोवर परदेश पानावरच्या एका एजन्सी कॉपीत ‘पर्शियन गल्फ’ तसंच सोडून बसले होते. अरबी वृत्तपत्रात ते ‘अरेबियन गल्फ’ असतं. पान सुटायला दहा मिनिटं असताना चीफ सबने (मुख्य उपसंपादकाने) प्रिंटआउटवर लाल गोल करून तो माझ्या कीबोर्डवर ठेवला, आणि काही न बोलता चहा आणायला गेला.