सरकारी बांधकामात कृष्णवर्णीय ठेकेदाराच्या हाती खरं काम कसं पडेल

अमेरिकेत राज्यांच्या वाहतूक खात्यांत, महापालिकांत किंवा मोठ्या बांधकाम कंपन्यांत निविदा बनवणाऱ्या मराठी अभियंत्यांसाठी हे लिहिलं आहे. कृष्णवर्णीय ठेकेदार कामाबाहेर राहतो तो सहसा अशा कंपन्यांसाठीची टक्केवारी कमी ठेवली म्हणून नव्हे. कामाचा आकार, बॉण्ड (ठेकेदाराने काम अर्धवट सोडलं तर भरपाईची हमी) आणि बिलाच्या तारखा या तीन गोष्टी त्याला बाहेर ठेवतात, आणि त्या तिन्ही निविदा लिहिणाऱ्याच्या हातात असतात.

आधी कायद्याचं कुंपण बघून घ्या. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराने सरकारी कामाचा 30 टक्के हिस्सा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना देणं मुख्य कंत्राटदारावर बंधनकारक केलं होतं. शहराची निम्मी वस्ती कृष्णवर्णीय, आणि आधीच्या पाच वर्षांत मुख्य कंत्राटांतला अल्पसंख्याकांचा वाटा 0.67 टक्के. तरीही 1989 मध्ये, क्रोसन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. भेदभावाचा ठोस, स्थानिक पुरावा नाही, आणि यादीत एस्किमो नि अल्यूटही कशासाठी, असं न्यायालयाने विचारलं. म्हणून राज्याच्या किंवा शहराच्या पैशातल्या कामात वंशावर आधारित लक्ष्य ठेवायचं तर त्याआधी तफावतीचा अभ्यास हवा: आपल्या बाजारात काम करायला सक्षम कृष्णवर्णीय कंपन्या किती, आणि त्यांना प्रत्यक्ष पैसे किती गेले. दुसऱ्या शहराचा अहवाल उचलून चालत नाही.

केंद्राच्या वाहतूक निधीचं गणित वेगळं. तिथल्या वंचित उद्योग योजनेत (डीबीई, म्हणजे वंचित मालकांच्या छोट्या कंपन्यांना कामात वाटा देणारी) कृष्णवर्णीय मालकाला वंचित गृहीत धरलं जाई (भारतीय वंशाच्या मालकालाही, हे आपण विसरतो). 3 ऑक्टोबर 2025 च्या नियमाने हे गृहीतक काढलं. आता प्रत्येक मालकाने आपली अडचण स्वतःच्या कागदपत्रांनी सिद्ध करायची, आणि राज्याने या कंपन्यांची फेरतपासणी पूर्ण करेपर्यंत त्या योजनेखाली कंत्राटावर लक्ष्य लावता येत नाही. नियम अजून हलता आहे. निविदा छापण्याआधी खात्याच्या वकिलाला दाखवाच. पण पुढचे उपाय कोणाचाही वंश न विचारता करता येतात.

पहिलं, काम फोडा. माती, गटार, पूल, दिवे, पट्टे मारणं असं सगळं एकाच निविदेत कोंबलं की बोली लावणारे दोन-तीनच उरतात. वाहतूक नियंत्रण, सळई बांधणी, क्रॅश बॅरियर, झाडं लावणं, मातीची ने-आण हे वेगळं काढता येतं. मात्र फक्त झाडं आणि ट्रकच वेगळे काढू नका. त्या कामात नफा पातळ असतो आणि कंपनी वाढत नाही. काँक्रीट किंवा जलवाहिनीचा एखादा टप्पाही छोट्या पाकिटात ठेवा.

दुसरं, बॉण्ड. शुअरटी कंपनी (बॉण्ड देणारी हमीदार कंपनी) तीन वर्षांची लेखापालाने तपासलेली आर्थिक विवरणपत्रं, हातातल्या कामांचा तक्ता आणि मालकाची वैयक्तिक हमी मागते. ठोकताळा असा, की चालू भांडवलाच्या साधारण दहापट बॉण्डची मर्यादा मिळते. वैयक्तिक हमीमागे बहुधा घर असतं, आणि ज्या वस्त्यांना बँकांनी पिढ्यान्‌पिढ्या कर्ज नाकारलं तिथल्या घराची किंमत कमी. म्हणून कसब असूनही मर्यादा अपुरी पडते. केंद्र सरकारच्या कामाला मिलर कायद्याखाली बॉण्ड लागतो, पण तो मुख्य कंत्राटदाराचा. उपकंत्राटदाराकडून बॉण्ड मागणं ही बहुतेक वेळा मुख्य कंत्राटदाराची सवय असते. ठरावीक रकमेखालच्या उपकंत्राटाला बॉण्ड मागायचा नाही, असं कलम टाका. त्यावरच्या कामासाठी लघुउद्योग प्रशासनाच्या हमी योजनेचा उल्लेख निविदेतच करा. ती 90 लाख डॉलरपर्यंतच्या कंत्राटांना चालते, केंद्राच्या कामात काही अटींवर 1 कोटी 40 लाखांपर्यंत. विमाही काम देणाऱ्या खात्याने सगळ्यांसाठी एकत्र काढला तर छोट्याचा मोठा खर्च वाचतो.

तिसरं, बिल. इथेच सर्वाधिक कंपन्या बुडतात, म्हणून आकडे मांडून बघा. आठ माणसांची टोळी, आठवड्याला 40 तास, तासाला सगळं धरून 50 डॉलर: आठवड्याचे 16,000. केंद्राच्या पैशातल्या बांधकामावरच्या मजुरीचा जो डेव्हिस-बेकन कायदा आहे, त्याखाली पगार दर आठवड्याला द्यावाच लागतो. महिन्याचं बिल महिनाअखेरीला जातं, खातं 30 दिवस घेतं, मुख्य कंत्राटदार आणखी 30. पहिला पैसा येईपर्यंत 13 आठवडे, म्हणजे 2,08,000 डॉलर खिशातून. त्यात काम पूर्ण होईपर्यंत हमी म्हणून 10 टक्के रक्कम रोखून ठेवली, की 4 लाखांच्या कामातले 40,000 अडकले, म्हणजे बहुतेकदा सगळा नफाच. माती सपाट करणारा तिसऱ्या महिन्यात निघून जातो आणि रोखलेली रक्कम दोन वर्षांनी, पुलाचं उद्घाटन झाल्यावर येते.

केंद्राच्या वाहतूक निधीत मुख्य कंत्राटदाराने पैसे मिळाल्यापासून 30 दिवसांत उपकंत्राटदाराला द्यायचे असतात, आणि त्याचं काम समाधानकारक पूर्ण झाल्यावर 30 दिवसांत रोखलेली रक्कम. कॅलिफोर्नियात सरकारी कामाला ही मुदत सात दिवसांची आहे. ही कलमं निविदेत शब्दशः घाला. शिवाय बिल पंधरा दिवसांनी घ्या, यंत्रं आणि माणसं साइटवर आणण्याचा खर्च सुरुवातीलाच द्या, आणि खात्याने मुख्य कंत्राटदाराला पैसे दिल्याची तारीख संकेतस्थळावर टाका. ‘वरून आलेच नाहीत’ ही सबब त्या एका ओळीने संपते.

बोली लावताना होणारी लबाडी ठरलेली आहे. कृष्णवर्णीय उपकंत्राटदाराचा दर घ्यायचा, काम मिळवायचं, मग तोच दर दुसऱ्याला दाखवून पाडून घ्यायचा. यावर इलाज म्हणजे उपकंत्राटदाराचं नाव, कामाच्या बाबी, रक्कम आणि त्याची सही बोलीसोबत किंवा उघडल्यापासून पाच दिवसांत घ्या. नंतर त्याला काढायचं तर खात्याची लेखी परवानगी हवी आणि उत्तराला त्याला पाच दिवस मिळाले पाहिजेत. लक्ष्य न गाठणाऱ्या मुख्य कंत्राटदाराने ‘आम्ही प्रयत्न केला’ हे सिद्ध करायला बोलीच्या आदल्या दिवशी पाठवलेले चाळीस ईमेल पुरेसे मानू नका. नकाशे कधी दिले, दर का नाकारला, फरक किती होता, हे लेखी मागा.

साइटवर जाऊन बघा. आपल्याकडे मजूर संस्थेच्या नावावर भलताच ठेकेदार काम करतो, तसंच तिथेही चालतं. ट्रकच्या दारावरची चुंबकी पाटी उचलून बघा. खाली मुख्य कंत्राटदाराचं नाव रंगवलेलं सापडू शकतं. मुकादम कोणाच्या पगारपत्रकावर आहे, सळई कोणी मागवली, चलन कोणाच्या नावाचं, तेही तपासा. केंद्राच्या नियमात स्वतःच्या माणसांकडून कंत्राटाच्या किमान 30 टक्के काम झालं नाही, तर ती कंपनी नावापुरती मानली जाते. नेहमीच्या साठा ठेवणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाचे 60 टक्केच लक्ष्याच्या हिशोबात धरायचे, उत्पादकाचे पूर्ण.

शेवटी नोंद. कंत्राट दिलं त्या रकमेची नोंद फसवी असते, प्रत्यक्ष दिलेल्या रकमेची ठेवा, आणि ती दर महिन्याला उपकंत्राटदाराकडूनच पडताळून घ्या. स्थानिक निधीच्या कामात वंशानुसार नोंद ठेवायला कायदा मुभा देत असेल, तर ‘अल्पसंख्याक’ हा एकच रकाना ठेवू नका. 20 टक्के पूर्ण दिसतात आणि त्यातले 18 आपल्यासारख्या आशियाई मालकांच्या कंपन्यांना गेलेले असू शकतात. ही फोड नसेल, तर पुढच्या तफावत अभ्यासात न्यायालयासमोर दाखवायला हातात काहीच उरत नाही.