गोठ्यात ट्रॅक्टर लावायचा, तर आधी जमीन उकरा

बैलं गेली, गोठा रिकामा झाला, म्हणून ट्रॅक्टर तिथंच लावायला लागलो. दुसऱ्याच पावसाळ्यात मागचं डावं चाक शहाबादी फरशीसकट वीतभर खाली बसलं. दोघातिघांनी सांगितलं, वरून जाड कोबा ओतून घ्या. आम्ही ओतला नाही आणि तुम्हीही ओतू नका. आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. खाली काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. वर कितीही जाड काँक्रीट असलं तरी त्याच्या खालची माती अशी हलत राहिली की ते तडकणारच.

वजनाचा अंदाज आधी घ्या. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साधारण 2 टन, त्याला मागं जोडलेला, माती भुसभुशीत करणारा सहा फुटी रोटाव्हेटर साडेचारशे किलोच्या आसपास. रोटाव्हेटर उचललेला असला की पुढचा भारही मागं येतो आणि मागच्या एकेका चाकाखाली टनभर वजन पडतं. बैलाच्या खुरांसाठी घातलेली फरशी ते कशी पेलणार?

फरशा काढल्यावर लगेच खणायला लागू नका. पहारीची बोथट बाजू हातभर अंतरावर आपटत सगळा गोठा फिरा. भरीव जमिनीचा आवाज बसका येतो, पोकळीचा घुमतो. आमच्याकडं गव्हाणीच्या मागं आवाज घुमला. आत्ती ओसरीवरून म्हणाल्या, "अगं, तिथं पेव हुतं. माझ्या लग्नाच्या आधीच बुजवलंय." पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. दीड फुटावर दगडी झाकण लागलं. ते सरकवलं तर खाली अंधार, भरलेली माती कधीच बसून गेलेली. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती हे सगळ्यांना माहीत आहे, पण जोंधळ्याची पेवं आपल्या भागात घरोघरी असायची आणि ट्रॅक्टर अशा जागी गेला तर माणसासकट खाली जाईल. पेवात उतरू नका, दोरी बांधूनसुद्धा नाही. आत हवा कोंडलेली असते, उतरणारा माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही जातो. आम्ही वरूनच दगड आणि कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, टाकत भरलं. कच फटींत आपोआप उतरते, ठोकावी लागत नाही. वरचे तीन फूट 1:4:8 च्या (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) काँक्रीटनं भरले आणि तोंडाच्या चारी बाजूंनी फूटभर बाहेर नेले. पेव मोठं असेल तर मात्र इंजिनिअरला दाखवूनच हात लावा.

मग खुदाई. आमचा गोठा 20 बाय 14 फूट. अडीच फूट खणलं. वरचा फूटभर थर शेणमुतानं काळा पडलेला, तो ठेवायचाच नाही. मुतातले क्षार काँक्रीट आणि सळई दोन्ही खातात. ती माती शेतात टाका, खत आहे ते. भिंती मातीत बांधलेल्या दगडी असतील तर पाया किती खोल आहे ते एका कोपऱ्यात उकरून बघा आणि त्याच्या खाली जाऊ नका. भिंतीलगत दीड फूट सोडून, उतार देत खणा, एका दिवशी एकच बाजू. खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या बैठ्या दगडावर, असतील तर आधी तुळईला टेकू द्या.

तळ किंचित ओलवून ठोका, मग मुरूम. दीड फूट मुरूम लागतो, पण एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर खालचा भुसभुशीतच राहतो. सहा-सहा इंचांचे तीन थर करा. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, तळहाताला पाणी लागू नये, एवढीच ओल. मध्यभागी मशीन, भिंतीजवळ हातानं धुम्मस (ठोकायचं जड ठोकणं), नाहीतर हादऱ्यानं जुनी भिंत सुटते. टाचेवर उभं राहून ठसा उठला तर थर पुन्हा ठोका. आमच्या गवंड्याला हे नको होतं, मी तिसऱ्या थरापर्यंत तिथून हलले नाही. सैल मुरूम साडेपाच ब्रास लागला (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट).

त्यावर नऊ इंच दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, फटींत मुरूम. मग तीन इंच 1:4:8 काँक्रीट, त्यावर जाड प्लास्टिक, आणि शेवटी सहा इंच आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट, 1:1.5:3. सळई 8 मिलिमीटर, दोन्हीकडं सहा इंचांवर, साधारण 150 किलो. या थराला सिमेंट 32 पोती. जाळी प्लास्टिकवर पडून राहू देऊ नका, वरून दोन इंचांवर राहील अशा खुर्च्या, म्हणजे सळईचे टेकू, लावा. खांबांभोवती आणि भिंतीकडेनं अर्ध्या इंचाचं थर्माकोल ठेवा, म्हणजे फरशी आणि घर एकमेकांना ओढणार नाहीत. दाराकडं दहा फुटांना सव्वा इंच उतार. दुसऱ्या दिवशी मध्यावर दीड इंच खोल सांधा कापून घ्या.

ओलं गोणपाट टाकून चौदा दिवस पाणी मारलं. ट्रॅक्टर अठ्ठावीस दिवसांनी आत घेतला.

बाहेरची पागोळी विसरू नका. पत्र्याचं पाणी पायाशी पडत राहिलं तर काळी माती पुन्हा फुगते. पन्हळ लावा आणि पाणी दहा फूट लांब सोडा. फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच ठेवली आहे, तेही त्यासाठीच. रोटाव्हेटर लोंबकळत ठेवू नका, रोज संध्याकाळी दोन जाड फळ्यांवर टेकवा. आमच्या बाभळीच्या आहेत.